ब्रेक डान्सचा दांडा पोरीपर्यंत पोचलाच नाही

मंगळवारपेठी · रविवार, रात्री ११:५२

झोप येईना झालीय म्हणून लिहालोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आज संध्याकाळी आम्ही तिघं प्रदर्शनाला गेलो होतो, शहरातल्याच एका मैदानावर लागलंय, नाव घेत नाही. आधी भांड्याकुंड्यांचे स्टॉल, मग भेळ, मग पोरगी पाळण्यांकडं ओढाय लागली. आकाशपाळणा झाला, ड्रॅगन ट्रेन झाली, मग ब्रेक डान्सच (गोल गिरक्या घेणाऱ्या गाड्यांचा पाळणा) पाहिजे म्हणून हटून बसली. मला गरगरतंय, म्हणून मी खाली उभारलो आणि आमचे अहो तिला घेऊन बसले. तिकीट माणशी ८० रुपये.

आता मुद्दा. त्या गाडीत दोघांना मिळून एकच आडवा दांडा आहे, वरनं खाली येतो आणि मांडीवर बसतो. आमचे अहो ९६ किलो. पोरगी ७ वर्षांची, २१ किलो. दांडा ह्यांच्या पोटाला लागून थांबला आणि पोरीच्या मांडीपासनं वीतभर वर राहिला! मी खालनं फोटो काढत होतो, घरी येऊन मोठा करून बघितला तर त्या फटीतनं आख्खं कलिंगड जाईल. पाळण्यावरच्या पोऱ्यानं दांडा एकदा हलवून बघितला, हलला नाही, गेला पुढच्या गाडीकडं. हलणार कसा, ह्यांच्या पोटात रुतला होता की तो.

दुसऱ्या का तिसऱ्या गिरकीला ती सीटवरनं पुढं घसरली. ह्यांनी एका हातानं तिचा फ्रॉक धरला आणि दुसऱ्या हातानं दांडा. तिची हनुवटी दांड्यावर आपटली. मी खालनं ओरडालोय थांबवा थांबवा, पण तिथं गाणं एवढं मोठं लावलेलं की शेजारच्याला ऐकू येईना. पूर्ण राउंड झाल्यावरच थांबलं. हनुवटीला ३ टाके पडलेत, बाकी बरी आहे, आता झोपलीय.

मॅनेजरकडं गेलो तर त्यानं माझ्याच हातातलं तिकीट उलटं करून दाखवलं. मागं लिहिलंय, "पाळण्यात बसणे स्वतःच्या जबाबदारीवर. अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." म्हणाला वाचून बसायचं असतंय वहिनी.

दोनच गोष्टी विचारायच्यात. एक, मोठ्या माणसाला आणि लहान पोराला मिळून एकच दांडा, हे बरोबर आहे का मुळात? दुसरं, तिकिटामागं असं छापलं की विषय संपला का?

नाद_न्हाय_करायचा · रविवार, रात्री ११:५९

पोरीची काळजी घ्या. पण ७ वर्षाच्या पोरीला ब्रेक डान्समधी बसवायचंच कशाला म्हणतो मी? घोड्याचा पाळणा होता की.

मंगळवारपेठी · सोमवार, रात्री १२:०६

उंची, वय काहीच लिहिलेलं नव्हतं. बोर्डावर एकच ओळ होती, "गाडी चालू असताना उभे राहू नये". आणि तिकीट देणाऱ्यानं पोरगी डोळ्यांनी बघून दोन तिकिटं फाडून दिली. तरी पण तुमचं म्हणणं मान्य, रात्रभर तेच डोक्यात घोळालंय.

पुणे_व्हाया_सातारा · सोमवार, सकाळी ७:३०

एक शंका. "उभारलो", "गेलो" आणि वर "आमचे अहो". आपण ताई आहात की दादा?

मंगळवारपेठी · सोमवार, सकाळी ७:४१

ताई. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात. आता विषयावर या.

लेथवाला_उद्यमनगर · सोमवार, सकाळी ९:१५

ताई, पोरगी सुखरूप हाय हे बघून बरं वाटलं. मी २२ वर्षं फॅब्रिकेशनमधी हाय, पाळण्यांचे तुटके पार्ट आमच्याकडं दुरुस्तीला येतात, त्यामुळं तुमच्या पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

दांडा दोन तऱ्हेचा असतोय. एक रॅचेटचा, खाली दाबला की कट कट कट आवाज येत दात्यांवर बसत जातो. प्रत्येक दात्यात एक खिट्टी पडते, तिला पॉल म्हणतात, ती पडली की दांडा खाली जातोय पण वर येत नाही. दुसरा साधा, ठरलेल्या एकाच जागेवर येऊन हुकात अडकतो, हुकात पिन आणि पिन निसटू नये म्हणून तिला तारेची आर क्लिप. जत्रेतल्या बहुतेक गाड्यांना हा दुसराच असतोय कारण स्वस्त पडतो आणि बिघडला तर जाग्यावर दुरुस्त होतो. तुमचा कुठला होता? पोटाला लागून थांबला म्हणताय म्हंजे रॅचेटचा वाटतोय.

आता गंमत बघा, रॅचेटचा दांडा साध्या दांड्यापेक्षा चांगला, पण कधी? गाडीत एकसारखी माणसं असतील तर. दोघांत एक दांडा असला की तो जाड माणसावर थांबणार, हे साधं गणित हाय. बारक्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट तोंड आपटायला एक लोखंडी नळी समोर आणून ठेवल्यासारखं होतंय. तुमच्या पोरीचं तेच झालं.

पोऱ्यानं दांडा हलवून बघितला, त्यातनं काय कळालं? लॉक बसलाय एवढंच. माणूस बसलाय का ते कळालं नाही. दांडा तपासणं आणि माणूस तपासणं ही दोन वेगळी कामं हायत. हात दांड्यावर नाही, दांडा आणि मांडीच्या मधी घालून बघायचा असतोय. चार बोटं आडवी गेली की समजायचं ढिलं हाय.

बाहेरच्या देशात ह्याला नियम हायत. अमेरिकेचं एएसटीएम एफ २२९१ म्हणून स्टँडर्ड हाय, त्यात राइड माणसाला किती आणि कुठल्या दिशेनं फेकते त्यावरनं बंधनाचे (म्हंजे माणूस सीटवर धरून ठेवणारा दांडा, पट्टा, कवच) ५ वर्ग केलेत. पहिल्या वर्गात काहीच लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात सगळ्यांना मिळून एक दांडा चालतो. चौथ्यापासनं पुढं प्रत्येक माणसाला स्वतंत्र. पाचव्यात लॉक फेल झालं तरी माणूस धरून ठेवणारी दुसरी सोय लागते, आणि लॉक झालंय हे ऑपरेटरला नुसतं बघून नाही तर सिग्नलनं कळालं पाहिजे. आपल्याकडं पण आयएस १५४७५ हाय, भारतीय मानक ब्युरोचं, खास अम्युझमेंट राइड्ससाठी. पण जत्रेतल्या किती पाळणेवाल्यांनी त्याचं तोंड बघितलंय देव जाणे.

म्हंजे सामायिक दांडा असणं हा स्वतःच गुन्हा नाही. पण मग मापात न बसणारी जोडी त्यात बसवायची नाही, हे काम माणसानं करायचं असतंय.

पुणे_व्हाया_सातारा · सोमवार, सकाळी ९:४०

उत्तम माहिती. मग मोठ्या पार्कांमध्ये खांद्यावरून येणारे जे जाडजूड बंधन असते ते पाचव्या वर्गातले का?

लेथवाला_उद्यमनगर · सोमवार, सकाळी ९:५२

उलटं करणाऱ्या रोलर कोस्टरचं बहुतेक तसंच. खोपोलीच्या इमॅजिकाला नायट्रो हाय बघा, पाय लोंबकळत ठेवून उलटं करतंय, तिथं खांद्यावरनं येणारं कवच. पण खांद्यावरनं आलं म्हंजे आपोआप सेफ असं धरू नका. ओरलँडोचं प्रकरण तुम्ही वाचलं नसणार.

वजनदार_पैलवान · सोमवार, दुपारी १:२०

ओरलँडोचं मी सांगतो, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे. पैलवान नाव घेतलंय पण तालमीत फक्त दूध प्यायला जात होतो, वजन १३४.

२४ मार्च २०२२, अमेरिकेतल्या ओरलँडोतला फ्री फॉल नावाचा टॉवर, माणसांना वर नेऊन एकदम खाली सोडणारा, ४३० फूट. १४ वर्षांचा पोरगा, अंगानं थोराड. राइडच्या मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा १३० किलो, पोरगा त्याच्या बराच वर. खांद्यावरचं बंधन त्याच्या अंगावर नीट खाली येतच नव्हतं. मग लॉकचा दिवा कसा लागला? तर त्या सीटचा सेन्सरच आधी कुणीतरी हातानं ॲडजस्ट करून ठेवला होता, बंधन जास्त उघडं असलं तरी "लॉक" दाखवेल असा. बंधन आणि सीटच्या टोकामधली फट नेहमीच्या जवळजवळ दुप्पट राहिली. सीटबेल्ट तर नव्हताच. टॉवर खाली येऊन ब्रेक लागल्यावर पोरगा त्या फटीतनं निसटला. गेला बिचारा.

नंतर फ्लोरिडा सरकारनं चालवणाऱ्या कंपनीला अडीच लाख डॉलर दंड केला, नवीन कायदा केला, आणि कंपनीनं टॉवर काढून टाकला. डिसेंबर २०२४ मध्ये ज्युरीनं बनवणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीला ३१ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली.

हे सांगायचं कारण, ४-५ वर्षांमागं मुंबईकडच्या एका पार्कात मला एका राइडवरनं उठवलं होतं. सगळी लाईन बघालीय, पोऱ्या माझ्या पोटावर ते दाबतोय, दोघं मिळून दाबतायत, शेवटी म्हणाले सॉरी सर. मागची कॉलेजची पोरं हसली. मी खाली येऊन त्या पोऱ्याला जे काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही, आमच्या ग्रुपनं पैसे परत मागून दंगा पण केला. ओरलँडोचं वाचल्यावर वाटलं त्या पोऱ्याला शोधून एकदा तांबडा-पांढरा खायला घालावा. त्यानं दिवा लागेपर्यंत दाबलं असतं तर मी पण आनंदानं बसलो असतो की.

नाद_न्हाय_करायचा · सोमवार, दुपारी १:३३

पैलवान 🙏

लेथवाला_उद्यमनगर · सोमवार, दुपारी १:५८

सेन्सर फसवायचा म्हटल्यावर एक सांगतो, आमच्या उद्यमनगरात प्रत्येकाला कळंल. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हंजे हात डायमधी (साच्यात) राहायचा प्रश्नच नाही. आणि पीसरेटवरचा, म्हंजे नगावर पैसे मिळणारा, कामगार काय करतो? एका बटणात काडी खोचतो, एक हात मोकळा, पीस डबल. मालकाला दिसत असतंय, पण ऑर्डर अर्जंट असली की मालकाला मोतीबिंदू होतोय. बोटं तुटली की मग ती काडी पहिल्यांदा गायब होते. ओरलँडोचा सेन्सर म्हंजे तीच काडी.

इंग्लंडात २ जून २०१५ ला अल्टन टॉवर्स पार्कात स्मायलर कोस्टरला असंच झालं. पुढं एक रिकामी गाडी अडकली होती, कॉम्प्युटरनं मागची बरोबर थांबवली होती, माणसांना वाटलं कॉम्प्युटर चुकालाय आणि त्यांनी हातानं सोडली. दोन पोरींचे पाय कापावे लागले. कंपनीला ५० लाख पाउंड दंड झाला.

कोर्टकचेरी_कसबा · सोमवार, रात्री ८:४५

दिवसभर कोर्टात होतो, आत्ता वाचले. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करतो, पण हा कायदेशीर सल्ला नव्हे, चहाच्या टपरीवरची चर्चा समजा.

तिकिटामागे छापले म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. जवळचे उदाहरण देतो. १९९८ साली दिल्लीत ताजमहाल हॉटेलच्या ताब्यात पार्किंगला दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या टॅगवर "मालकाच्या जोखमीवर" असे छापलेले होते, हॉटेल त्याच्यावर अडून बसले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टाने सांगितले की गाडी तुमच्या ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा ओळीच्या आधाराने सुटता येणार नाही, काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचे. आता ते प्रकरण ठेव म्हणून दिलेल्या वस्तूचे होते, पाळण्याला जसेच्या तसे लागू होत नाही. पण युक्तिवाद करताना मी पहिल्यांदा तेच काढीन. झेन गाडीला जे संरक्षण मिळते ते ७ वर्षांच्या मुलीला का मिळू नये, एवढेच विचारायचे.

तुमचा दावा "सेवेतील त्रुटी" या सदरात बसतो, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. जिल्हा आयोगात जाता येते, मुदत घटनेपासून २ वर्षे, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तुमची १६० रुपये आहे. वकील लागतोच असेही नाही (हे मी लिहिले म्हणून बारमधले मित्र मला मारतील).

आता लगेच करायची कामे. तिकीट फेकू नका. फोटो मूळ फाइलसकट ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवून पुन्हा घेतलेला नको. ज्या डॉक्टरांनी टाके घातले त्यांच्या कागदावर "पाळण्याच्या दांड्यावर आपटून" असे कारण लिहिलेले आहे का बघा, नुसते "पडून जखम" असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. आणि खरी अडचण वेगळीच आहे. प्रदर्शन उठले की पाळणेवाला पुढच्या गावाला गेला, त्याचा पत्ता तुम्हाला सापडणार नाही. म्हणून नोटीस आत्ता, तो मैदानावर असेपर्यंत, पाळण्याचा मालक आणि प्रदर्शनाचा आयोजक दोघांनाही. परवानगी कुणी कशाच्या आधारावर दिली ते माहिती अधिकारात मागता येते, १० रुपयांचा अर्ज, पण उत्तराला ३० दिवस. तोवर तिथे दुसरेच प्रदर्शन लागलेले असेल.

मंगळवारपेठी · सोमवार, रात्री ९:०५

डॉक्टरांच्या कागदावर "पडून" असंच लिहिलंय!! उद्या सकाळी पहिलं तेच काम.

पाळणेवाल्याचा_पोरगा · सोमवार, रात्री ११:२०

खूप वेळ लिहू का नको करत होतो. आमचं घरच पाळण्यांचं, आजोबांपासून. दिवाळीनंतर घर सोडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत. ज्योतिबाची यात्रा, गावोगावच्या म्हाया, उरूस, प्रदर्शनं, सगळं केलंय. ताईंनी लिहिलेला पाळणा आमचा नाही, पण आमचा असू शकला असता, म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं आम्ही परवानगीशिवायच लावतो. तसं नसतं. पोलिसांचा परवाना लागतो, विजेच्या तपासणीचा कागद लागतो, पाळणा मजबूत आहे म्हणून इंजिनिअरचा दाखला लागतो. तपासायला साहेब येतात ते पाळणा उभा केल्या दिवशी, रिकामा किंवा वाळूची पोती टाकून फिरवून दाखवतो, सही होते. ती सही लोखंडाची झाली. नंतर महिनाभर त्यात कोण बसतंय, कसं बसतंय, ते बघायला कुणी येत नाही. वाळूची पोती सगळी एकाच मापाची असतात हो.

आणि पैशाचं सांगतो. जागेचं भाडं एकरकमी आधी भरायचं, डिझेल, ट्रक, पोरांचा पगार आणि जेवण. पंधरा दिवसांच्या जत्रेत खरा धंदा चार संध्याकाळींचा, शनिवार-रविवार ७ ते १०. आमच्या ब्रेक डान्सला १२ गाड्या, एक राउंड ३ मिनिटांचा. माणसं उतरवून नवी बसवायला दीड मिनिट मिळतं आणि त्यात दोन पोरांनी १२ दांडे बघायचे. प्रत्येक मांडीवर हात घालून बघायचं म्हटलं तर ४ मिनिटं जातात, लाईनमधून शिट्ट्या सुरू होतात, मालक वरून हात दाखवतो, चल चल. माझे वडीलच दाखवायचे, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे नियम असा की ब्रेक डान्समध्ये मोठा माणूस आणि लहान पोरगं एका गाडीत नाही. तीन सारखी पोरं बसवतो किंवा दोन मोठी. पण बापाला सांगून बघा, "माझं पोरगं आहे, मी धरतो, तुला काय करायचंय" म्हणून अंगावर येतात. नेत्याचा माणूस असला तर मग बोलायलाच नको.

लेथवाला_उद्यमनगर · मंगळवार, सकाळी ८:५०

दादा, खरं लिहिलंस त्याबद्दल मानलं. पण "लोखंडाची सही झाली" हे पण पुरतं पटत नाही मला. माझ्याकडं येणारे पार्ट बघितलेस तर लोखंडाची पण काळजी वाटंल.

पाळणा वर्षातनं १५-२० वेळा खोलतोय आणि जोडतोय आपण. दरवेळी तोच बोल्ट, तोच नट. नायलॉक नट असतोय ना, आत निळी किंवा पांढरी नायलॉनची रिंग, ती बोल्टला घट्ट धरते म्हणून नट ढिला होत नाही. ती रिंग एकदा-दोनदा वापरायची असते. चार जत्रा झालेला नायलॉक हातानं फिरतो, मी स्वतः फिरवून बघितलाय. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतंय, हाय टेन्साइल, म्हंजे जास्त ताण सोसणारा. हरवला की पोरगं बाजारातनं साधा आणून घालतंय, डोकं कोरं. रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात.

आणि वेल्डिंग. भेग वेल्डच्या कडेला सुरू होते, आधी केसाएवढी. वरनं दरवर्षी ऑइलपेंटचा हात, त्यामुळं दिसत नाही, पण रंगातनं गंजाची बारीक तांबडी रेघ पाझरलेली असली की समजायचं आत काहीतरी हाय. डाय पेनिट्रंट म्हणून टेस्ट असते, लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरा मारायचा, भेग असंल तिथं लाल रेघ उमटते. तीन डबे आणि दोन तासांचं काम, उद्यमनगरात कुणीपण करून देतंय. आत्तापर्यंत आमच्याकडं स्वतःहून ही टेस्ट मागणारा एकच पाळणेवाला आला. बाकी सगळे म्हणतात, "दादा, तुटलंय तेवढं जोडून द्या."

अहमदाबादला कांकरिया तलावाजवळच्या पार्कात १४ जुलै २०१९ ला काय झालं? रविवार, डिस्कव्हरी नावाची लंबकासारखी झुलणारी राइड, मधला मुख्य पाइपच तुटला, माणसं बसलेली आख्खी चकती खाली. दोघं गेले, बरेच जखमी. तिथं दांडे घट्ट लागलेले असून काय उपयोग? मोहालीला सप्टेंबर २०२२ मधी वर नेणारा टॉवर झूला धाडकन खाली आला, तिथं पण प्रश्न दांड्याचा नव्हता.

पाळणेवाल्याचा_पोरगा · मंगळवार, सकाळी ९:३०

नायलॉकचं बरोबर आहे. आम्ही दोन वर्षांपासून बदलतो. आधी नव्हतो बदलत. डायची टेस्ट कधी केली नाही, यंदा पावसाळ्यात सामान गोडाऊनला लागलं की तुमच्याकडेच घेऊन येतो, पण रेट सांभाळून लावा.

लेथवाला_उद्यमनगर · मंगळवार, सकाळी ९:३४

ये रे भावा. चहा माझा, डब्याचे पैसे तुझे.

आजोबा_शुक्रवारपेठ · मंगळवार, सकाळी ११:०२

आमच्या लहानपणी लाकडी पाळणे असत, चार डब्यांचे, माणूस हाताने फिरवायचा. दांडा नव्हता, पट्टा नव्हता. कुणी पडले तर आई वरून दोन रट्टे द्यायची. हल्ली सगळ्याला सर्टिफिकेट.

वजनदार_पैलवान · मंगळवार, सकाळी ११:१५

आजोबा, फिरवणारा माणूस दमायचा की. मोटर दमत नाही, तिथंच घोळ आहे.

इचलकरंजीची_सून · मंगळवार, दुपारी ३:१०

मला एक कळेना, अमेरिकेत एवढे नियम आहेत मग तिथं तरी का होतं? माझ्या दिराकडं डॅलसला जायचंय मेमध्ये, पोरं आत्तापासून सिक्स फ्लॅग्ज सिक्स फ्लॅग्ज (तिथलं पाळण्यांचं पार्क) करालीत.

वजनदार_पैलवान · मंगळवार, दुपारी ३:४०

त्याच भागातलं एक माहिती आहे. सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास, जुलै २०१३, टेक्सास जायंट नावाचा कोस्टर. एक ५२ वर्षांची बाई वळणावर गाडीतनं बाहेर फेकली गेली. मांडीवरचा दांडा होता, सीटबेल्ट नव्हता. परत सुरू केला तेव्हा बेल्ट पण बसवले आणि दांड्याचे पॅड पण बदलले. घाबरवत नाही वहिनी, रोज हजारो लोक बसून सुखरूप उतरतात. फक्त पोरांच्या मांडीवर हात घालून बघा आणि नको म्हणाले तर भांडू नका. मी भांडलोय, मला विचारा.

कोर्टकचेरी_कसबा · मंगळवार, रात्री ९:२०

पाळणेवाल्याच्या मुलाला एक प्रश्न, विमा आहे का? अनेक जण समजतात की पब्लिक लायबिलिटी कायदा १९९१ चा आहे म्हणजे सगळ्यांना आपोआप लागू. तो घातक रसायनांसाठी आहे, पाळण्याला त्याचा उपयोग नाही. पाळण्यासाठी स्वतंत्र पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घ्यावी लागते.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण वरच्या पोस्टमध्ये "बाप अंगावर येतो" असे आले आहे. बाप म्हणाला मी धरतो, म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. बापाला गिरकीचा जोर किती असतो ते माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणायचे काम माहीत असलेल्याचे. फार तर भरपाई ठरवताना बापाची चूकही मोजली जाईल. जीव गेला तर मात्र विषय भरपाईपुरता राहत नाही, भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. आणि गुन्हा नोंदवताना पहिले नाव दांडा तपासणाऱ्या पोऱ्याचे येते, ज्याला महिना दहा-बारा हजार मिळत असतील. वरून हात दाखवणारा शेवटी येतो, आला तर.

पाळणेवाल्याचा_पोरगा · मंगळवार, रात्री १०:०५

विमा आहे, पण आयोजकानं मागितला त्या वर्षापासून. शेवटचं वाक्य वाचून वडिलांना दाखवलं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले ब्रेक डान्सला तिसरा पोरगा ठेवू.

नाद_न्हाय_करायचा · मंगळवार, रात्री १०:१२

मी पहिल्या दिवशी ताईंना उगाच बोललो. मागं घेतो.

मंगळवारपेठी · गुरुवार, रात्री १०:३०

अपडेट. डॉक्टरांनी कागद दुरुस्त करून दिला. कोर्टकचेरी दादांनी सांगितल्यागत नोटीस दोघांना स्पीड पोस्टानं पाठवलीय, आणि एक प्रत मी स्वतः जाऊन मॅनेजरच्या हातात देऊन सही घेतली. सही करायला खळखळ केली त्यानं, मग आमचे अहो नुसते शेजारी जाऊन उभारले, झाली सही. ९६ किलोचा कुठंतरी उपयोग.

मी मोजायची टेप घेऊन गेलो होतो. पाळणा रिकामा होता तेव्हा ह्यांना एकट्यालाच बसवून दांडा पाडला आणि पोरीच्या जागेवर सीटपासनं दांड्यापर्यंत मोजलं. ३४ सेंटिमीटर. घरी पोरीला खुर्चीत बसवून मांडीची जाडी मोजली, ९. म्हणजे २५ सेंटिमीटर मोकळं! हे आकडे नोटिशीत घातलेत.

आयोजकाचा फोन आला काल. आवाज एकदम गोड. दवाखान्याचा खर्च देतो म्हणाला, आणि म्हणाला ताई आम्ही लगेच सुधारणा केलीय, येऊन बघा. आज गेलो. नवीन बोर्ड लावलाय, "१२० सें.मी.पेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश नाही", शेजारी खांबावर पट्टी रंगवलीय. प्रत्येक गाडीत दोन कापडी बेल्ट पण बसवलेत, काळे, गाडीतल्यासारखे.

पोरगी बरोबर होती, हनुवटीवर पट्टी. ब्रेक डान्सकडं बघितलं पण नाही तिनं. ड्रॅगन ट्रेनमध्ये बसली, आणि पोऱ्या दांडा लावून गेल्यावर तिनं स्वतःच मांडी आणि दांड्याच्या मधी बोटं घालून बघितली, मग शेजारच्या अनोळखी पोराची पण बघितली, आणि पोऱ्याला हाक मारून म्हणाली, "काका, ह्याचं ढिलंय."

लेथवाला_उद्यमनगर · गुरुवार, रात्री १०:४१

पोरीला मोठी झाल्यावर आमच्या शॉपला क्वालिटीत घेतो!

ताई, ते बेल्ट बसवलेत म्हणताय, त्यांचा फोटो हाय का? बेल्ट दिसतोय कसा ते नको, बेल्टचं टोक गाडीला कुठं धरलंय तो बोल्ट दिसंल असा पाहिजे.

मंगळवारपेठी · गुरुवार, रात्री १०:५८

हा एक आहे, वाकून काढलाय.

लेथवाला_उद्यमनगर · गुरुवार, रात्री ११:०९

मला वाटलंच. हे फायबरच्या डब्याला भोक पाडून साधा बोल्ट घातलाय, मागं वॉशर पण चार आण्याएवढा. फायबर ३-४ मिलीचं असणार. झटका बसला की बोल्ट फायबर फाडून बेल्टासकट बाहेर येतोय. बेल्ट लोखंडी फ्रेमला धरला पाहिजे, नाहीतर मागं मोठी प्लेट तरी पाहिजे. गाडीच्या खालच्या बाजूनं फोटो मिळंल का? फ्रेमला ब्रॅकेट वेल्ड केलेलं असंल तर माझं चुकलं, पण नसंल तर वकीलसाहेबांना सांगून नोटिशीत अजून एक ओळ वाढवायला लागंल.

मंगळवारपेठी · गुरुवार, रात्री ११:१२

उद्या दुपारी जातो, तेव्हा पाळणे बंद असतात. टॉर्च घेऊन जाऊ का?

लेथवाला_उद्यमनगर · गुरुवार, रात्री ११:१४

टॉर्च घ्या. थांबा, मीच येतो, जेवणाच्या सुट्टीत. दीड वाजता गेटवर.